कच्चे कुळीथ कोंबडीला का मानवत नाहीत?

रत्नागिरीकडच्या घरात कुळथाची पिठी नाही, असे सहसा होत नाही. घरात भाजी नसली किंवा पाहुणा अवेळी आला, की चुलीवर पिठले रटरटू लागते. ही पिठी कशी तयार होते ते तुम्ही पाहिले आहे काय? कुळीथ आधी निवडतात, खापरात भाजतात, जात्यावर भरडतात, सुपात पाखडून टरफले उडवतात आणि मग दळतात. उसळ करायची असेल तर तेच कुळीथ रात्रभर भिजत घालून, ते पाणी ओतून देऊन, फडक्यात बांधून मोड आणतात आणि मग शिजवतात. कडव्या वालांचे सोपस्कार तर याहूनही जास्त. भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाका, एकेक वाल सोला, तेव्हा कुठे डाळिंब्या तयार होतात. ही सगळी खटपट केवळ जिभेसाठी असते असे मला लहानपणी वाटे. तसे नाही, हे मला बारा पिल्लांनी शिकवले.

मी तेव्हा आठवीत होतो. मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून एक दिवस वयाची बारा पिल्ले आणली आणि परसात तारेच्या जाळीचे खुराडे करून त्यात ठेवली. शेजाऱ्यांनीही त्याच खेपेतली पिल्ले घेतली होती. पिल्लांचे खाद्य घाटावरून पोत्यातून यायचे. त्यात मका आणि सोयाबीनची पेंड मुख्य. पहिले पोते संपले तेव्हा आमचे पैसेही संपले होते. घरात मात्र त्या वर्षीचे कुळीथ भरपूर होते. कडधान्यात प्रथिने असतात हे आम्ही शाळेत शिकलो होतो. सोयाबीन हेही कडधान्यच. मग सोयाबीनच्या जागी कुळीथ का नको? आम्ही कच्चे कुळीथ गिरणीतून भरडून आणले, त्यात तांदळाची कणी मिसळली आणि पिल्लांना घातले.

तीन आठवड्यांनी शेजारची पिल्ले आमच्या पिल्लांच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. आमच्यांची पिसे विरळ, विस्कटलेली. विष्ठा चिकट. दोन पिल्ले मेली. आम्ही पिल्लांच्या जातीला दोष देत बसलो होतो, तेव्हा आजी ओटीवरून म्हणाली, "अरे, तू खातोस का रे कच्चे कुळीथ?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्याच वेळी आमच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. खळ्यावर सांडलेले कच्चे कुळीथ गावठी कोंबड्या वर्षानुवर्षे टिपत आल्या होत्या. त्यांना काही होत नव्हते, मग खुराड्यातल्या पिल्लांनाच का झाले? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. तुम्हाला ती एका बैठकीत मिळतील.

अमेरिकेतील ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी १९१७ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखवले, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत. तेच सोयाबीन भरपूर शिजवून दिले की वाढतात. शिजवल्याने प्रथिनांचे प्रमाण वाढत नाही. मग शिजवण्याने होते काय? या कोड्याचा एक मोठा भाग १९४५ साली उलगडला. त्या वर्षी कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक शुद्ध, स्फटिकरूप प्रथिन वेगळे केले. हे प्रथिन ट्रिप्सिनचे काम बंद पाडत होते.

ट्रिप्सिन हे आपल्या, तसेच कोंबडीच्याही, लहान आतड्यात काम करणारे एक विकर आहे. ते स्वादुपिंडातून येते आणि प्रथिनांच्या लांब साखळ्या ठराविक जागी तोडते. साखळी तुटून अमिनो आम्ले सुटी झाल्याशिवाय ती रक्तात शोषली जात नाहीत. कडधान्यातले हे विरोधी प्रथिन ट्रिप्सिनच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन घट्ट बसते. कुलपात मोडकी किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसा हा प्रकार. कोंबडीच्या पोटात प्रथिन आहे, ते तोडणारे विकरही आहे, पण विकराचे हात बांधलेले!

एवढ्यावर भागले असते तर नुकसान निम्मेच झाले असते. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन कमी झाले की शरीराला ते कळते. स्वादुपिंडाला आणखी विकरे पाठवण्याचा संदेश मिळतो. ते बिचारे अधिकाधिक विकरे तयार करते आणि त्या कामात स्वतः सुजल्यासारखे मोठे होते. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या पिल्लांचे स्वादुपिंड मोठे झालेले असते, हे १९४८ साली नोंदले गेले. आता ही विकरे म्हणजेही प्रथिनेच, आणि तीही गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेली. ती कुलपात अडकून पडतात आणि अखेर बरीचशी विष्ठेबरोबर बाहेर जातात. म्हणजे बाहेरून आलेले प्रथिन पचत नाही ते नाहीच, उलट घरातले प्रथिन बाहेर जाते. व्यापारात भांडवल बुडावे आणि वर उसनवारीही व्हावी, त्यातली गत.

नेमके गंधकयुक्त अमिनो आम्लच जावे, हे पिल्लाचे मोठे दुर्दैव. पिसे केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात आणि केराटिनमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त आम्ल विपुल असते. पिल्लू दिवसागणिक नवी पिसे काढत असते. त्याला गंधक कमी पडले की आधी पिसे सांगतात. आमच्या पिल्लांच्या विस्कटलेल्या पिसांचा अर्थ मला असा फार उशिरा लागला.

कुळथातले ट्रिप्सिनविरोधी प्रथिन कुनिट्झ यांच्या प्रथिनापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. ते आकाराने लहान असते आणि गंधकाच्या अनेक पुलांनी जागोजाग बांधलेले असते. मोळी एका ठिकाणी बांधली तर सैल पडते, सात ठिकाणी बांधली तर पडत नाही. म्हणून हे प्रथिन उष्णतेला चिवटपणे तोंड देते. त्यामुळे कुळीथ वरवर भाजून भागत नाही. कोरड्या उष्णतेपेक्षा ओली उष्णता जास्त परिणामकारक ठरते. आधी भिजवून मग चांगले उकडलेले कुळीथ किंवा कुकरच्या वाफेत शिजवलेले कुळीथ हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

कच्च्या कुळथात दुसरेही एक प्रथिन असते. ते पेशींच्या पृष्ठभागावरील ठराविक शर्करांना चिकटते. आतड्याच्या अस्तराला अशी प्रथिने चिकटली की अन्न शोषून घेण्यात अडथळा येतो. पण याच चिकटपणाचा माणसाने मोठा उपयोग करून घेतला आहे. बर्ड या शास्त्रज्ञांनी १९५१ साली 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात असे प्रसिद्ध केले, की कुळथाच्या अर्काने माणसाच्या काही विशिष्ट रक्तपेशींच्याच गुठळ्या होतात. 'ए' रक्तगटाचे ए-१ आणि ए-२ असे पोटगट आहेत. योग्य प्रमाणात पातळ केलेला कुळथाचा अर्क ए-१ च्या पेशी गोळा करतो, ए-२ च्या करत नाही. आजही रक्तपेढ्यांत हे पोटगट ओळखण्यासाठी कुळथापासून काढलेले द्रव्य वापरले जाते. आपल्या फडताळातल्या डब्यात काय काय दडलेले असते पाहा! हे प्रथिन उकळण्याने निकामी होते, एवढे कोंबडीच्या दृष्टीने पुरे.

आता आजीच्या स्वयंपाकघरात परत जाऊ आणि एकेक कृती काय साधते ते पाहू. भिजवून पाणी ओतून दिल्याने पाण्यात विरघळणारी काही शर्करा आणि टॅनिन निघून जातात. कोंबडीला न पचणाऱ्या या शर्करा मोठ्या आतड्यापर्यंत जाऊन तेथे आंबतात. टॅनिन हे तुरट द्रव्य. कुळथाच्या गडद सालीत ते जास्त असते आणि प्रथिनांना धरून ठेवते. म्हणून भरडून पाखडणे हाही उत्तम उपाय. मोड आणण्याने तर बीच जागे होते. अंकुराला फॉस्फरस हवा असतो आणि बीमधील बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात कुलूपबंद असतो. अंकुरताना बी स्वतःच फायटेज हे विकर कामाला लावून हे कुलूप उघडू लागते. शिजवणे शेवटी येते आणि उरलेल्या विरोधी प्रथिनांचा निकाल लावते. एकाच कृतीने सगळे होत नाही, म्हणून तर इतक्या कृती.

शिजवण्यालाही मर्यादा आहे. फार वेळ, फार तापवले की लायसिन या अमिनो आम्लाची शर्करेशी संयोग होऊन तपकिरी द्रव्ये बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली ही क्रिया. भाकरीचा खरपूस पापुद्रा तिच्यामुळेच होतो. माणसाला तो वास आवडतो, पण त्यात अडकलेले लायसिन पिल्लाला मिळत नाही. यातली फसवी गोष्ट अशी, की प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून प्रथिनांचे प्रमाण काढले तर करपलेल्या आणि न करपलेल्या पेंडीत फरक दिसत नाही. आकडा तोच, पण पिल्लाच्या वाट्याला येते कमी.

मग पेंड पुरेशी शिजली आहे हे ओळखायचे कसे? सोयाबीनच्या बाबतीत खाद्य कारखान्यांत यासाठी एक सोपी परीक्षा करतात. ती तुम्हाला शाळेतही करता येईल. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. हे विकर आणि ट्रिप्सिनविरोधी प्रथिन साधारण सारख्याच उष्णतेने नष्ट होतात. म्हणून युरिएज मेले असेल तर दुसरेही बहुधा मेले, असे धरतात. कच्चे सोयाबीन कुटून त्याची एक चमचा पूड घ्या. दुसरी एक चमचा पूड पाण्यात अर्धा तास उकळून थंड करा. दोन पेल्यांत त्या वेगवेगळ्या ठेवून दोन्हींत सारखे कोमट पाणी आणि शेतातल्या युरिया खताचे सारखेच चार-पाच दाणे टाका. अर्ध्या तासाने दोन्हींत हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाची पट्टी बुडवा. कच्च्या पुडीच्या पेल्यात ती तांबूस होईल, कारण अमोनिया अल्कधर्मी आहे. उकळलेल्या पुडीच्या पेल्यात पिवळीच राहील. प्रयोगानंतर हात धुवा आणि पेल्यातले काहीही चाखू नका, कोंबड्यांनाही घालू नका. शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात आणून द्यावी: ही परीक्षा कच्चेपणा दाखवते, करपलेपणा दाखवत नाही.

तर कुळीथ भिजवले, सोलले, शिजवले, वाळवले. पिल्लांचे पोषण पूर्ण झाले काय? नाही. प्रक्रिया वाईट द्रव्य काढते. जे मुळातच कमी आहे ते ती आणू शकत नाही. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात, त्यात लायसिन चांगले असते, पण मेथिओनिन कमी असते. तांदूळ-मक्याचे नेमके उलट: लायसिन कमी, मेथिओनिन त्या मानाने बरे. आपला वरणभात याच जुळणीवर उभा आहे. पण माणसाचे मूल वर्षभरात जेमतेम तिप्पट होते. मांसासाठी वाढवलेले पिल्लू चाळीस ग्रॅमचे असते ते सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास जाते, म्हणजे पन्नास पट! या वेगाला वरणभाताची जुळणी अपुरी पडते.

येथे खाद्यपूरके लागतात. कारखान्यात बनवलेले मेथिओनिन १९५० नंतरच्या काळात कोंबडीच्या खाद्यात सर्रास येऊ लागले. त्यात एक गंमत आहे. सजीवांतली अमिनो आम्ले डाव्या घडणीची असतात, तर कारखान्यातल्या मेथिओनिनात डावे आणि उजवे निम्मेनिम्मे असते. कोंबडीचे शरीर उजव्याचे डावे करून घेते, म्हणून काही वाया जात नाही. दुसरे पूरक फायटेज. कोंबडीच्या पोटात हे विकर फारच थोडे असते. त्यामुळे दाण्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश फॉस्फरस तिच्या बाबतीत असून नसल्यासारखा असतो. तो विष्ठेतून जातो आणि पाण्यात पोचला की शेवाळ माजवतो. बुरशीपासून मिळवलेले फायटेज १९९१ पासून बाजारात आले. मोड आणताना बी जे काम स्वतः करते, तेच हे विकर कोंबडीच्या पोटात करते.

कॅल्शियमसाठी मात्र रत्नागिरीकराला बाजारात जायला नको. अंड्याच्या कवचात ९४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि तिसऱ्यांची शिंपलीही त्याचीच. अंड्यावर आलेल्या कोंबडीसमोर शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवला, तर ती आपल्या गरजेप्रमाणे टिपते. लहान पिल्लांना मात्र इतके कॅल्शियम देऊ नये. त्यांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही.

सर्वच पूरके अशी निरुपद्रवी नसतात, हे सांगितलेच पाहिजे. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध रूपात मिळाले. ते स्वस्तात कोठून मिळेल याचा शोध घेताना अमेरिकेतील स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांनी ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा पिल्लांना घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षाही जास्त वाढली. जास्तीची वाढ ब-१२ मुळे नव्हती, चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकामुळे होती. मग निरोगी कोंबड्यांच्या खाद्यात रोज थोडेथोडे प्रतिजैविक मिसळण्याची चाल जगभर पडली. थोड्या मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत; जे दाद देत नाहीत ते उरतात आणि वाढतात, आणि ते माणसांपर्यंतही पोचतात. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास बंदी केली. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन या औषधाच्या पशुखाद्यातील वापरावर बंदी आली, कारण माणसाच्या काही असाध्य संसर्गांत ते शेवटच्या उपायांपैकी एक आहे. मेथिओनिन हे अन्न आहे, प्रतिजैविक हे औषध आहे. दोन्ही एकाच पिशवीतून येतात म्हणून ती एकाच पंक्तीला बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणात आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचे विष सापडले. तेच अॅफ्लाटॉक्सिन. हे विष साध्या शिजवण्याने जात नाही. म्हणजे कुळीथ शिजवून अर्धवट ओले ठेवले, तर एक दोष काढून दुसरा पदरात घेतल्यासारखे होईल. सुदैवाने ऋतू आपल्या बाजूला आहेत. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ होतात आणि होळीच्या सुमारास घरात येतात. त्यानंतर चैत्र-वैशाखाचे कडक ऊन असते. आगोटीच्या आधी शिजवून, दात लावल्यावर कडक वाजतील इतके वाळवून, हवाबंद डब्यात भरले तर पावसाळा निघतो. पाऊस सुरू झाल्यावर हे काम हाती घेऊ नये.

आता कोणी विचारील, की कुळथाला बाजारात चांगला भाव असताना ते कोंबड्यांना का घालायचे? शंका रास्त आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'दापोली कुळीथ-१' सारखी जात दिली ती माणसांच्या ताटासाठी. चांगले कुळीथ माणसांनीच खावेत. पण भरडताना निघणारी चुणी, फुटके आणि बारीक राहिलेले दाणे, हे कोंबड्यांचेच. कोंबडीपालनात एकूण खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाद्यावर जातो आणि कोकणात त्यावर घाट उतरण्याचे भाडे चढते. त्यातला थोडा जरी भाग घरच्या चुणीवर भागला, तरी परसातल्या दहा-वीस कोंबड्यांचा हिशेब बदलतो. भागवायचा तो थोडाच. सोयाबीनची पेंड संपूर्ण काढून टाकायचा हट्ट धरू नये.

आणि तो दुसरा प्रश्न? खळ्यावरच्या गावठी कोंबड्यांना कच्चे कुळीथ का बाधले नाहीत? त्या दिवसभरात मूठभर दाणे टिपत आणि बाकीचे पोट किडे, गांडुळे, कोवळा पाला यांवर भरत. वारूळ फोडले की वाळवीवर तुटून पडत. किड्यांतून त्यांना मेथिओनिन मिळे, शेणातून आणि मातीतून ब-१२. विरोधी प्रथिनाची मात्रा अल्प, आणि नुकसान भरून काढायला रान मोकळे. आमच्या बारा पिल्लांना जाळीबाहेर जाताच येत नव्हते. आम्ही जे ताटलीत घातले तेवढेच त्यांचे जग.

उरलेल्या दहा पिल्लांना आजीच्या सांगण्यावरून उकडून वाळवलेली चुणी, कणी आणि थोडा सुकटीचा चुरा घालू लागलो. सुकट बिनमिठाची घेतली होती, कारण खारवलेल्या मासळीतले मीठ पिल्लांना घातक ठरते. महिनाभरात पिसे चकाकू लागली. पण सुकट स्वस्त मिळाली म्हणून भावाने तिचे प्रमाण हळूहळू दुप्पट केले. पुढे त्यातल्या तलंगा अंड्यावर आल्या, तेव्हा अंड्याच्या पोळ्याला असा काही मासळीचा वास येऊ लागला, की आजीने तो तव्यावरूनच उचलून मांजरासमोर ठेवला.